वाळवंटातली भाजी, सप्टेंबरातली अळी

अमेरिकेतील अॅरिझोना राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेला आणि कोलोराडो नदीला खेटून यूमा नावाचे शहर वसले आहे. वर्षभरात तेथे जेमतेम ७५ ते ८० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जुलै महिन्यातील एखाद्या जोरदार दिवशी याहून अधिक पाणी कोसळते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर असणे नित्याचेच असून, जुलै १९९५ मध्ये तो ५१ अंशांवर गेल्याची नोंद आहे. जगातील सर्वाधिक सूर्यप्रकाश लाभणारे ठिकाण म्हणूनही यूमाचे नाव घेतले जाते. अशा जागी कोणी निवडुंगाखेरीज दुसरे काही लावील, असे नकाशा पाहणाऱ्यास वाटणार नाही.

तथापि नोव्हेंबर ते मार्च या काळात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांपैकी सुमारे ९० टक्के भाजी यूमा आणि त्याच्या पश्चिमेस कॅलिफोर्नियात पसरलेल्या इम्पिरियल खोऱ्यातून येते. आईसबर्ग व रोमेन या जातींचे लेट्युस, पालक, ब्रोकोली, फ्लॉवर, कोबी असा सारा भाजीपाला त्यात आला. बर्फाने झाकलेल्या न्यूयॉर्क वा शिकागोत जानेवारीत बर्गरमध्ये सरकवलेले हिरवे पान बहुतेक वेळा या वाळवंटातले असते. या पानाचे भवितव्य मात्र जानेवारीत ठरत नाही. ते ठरते सप्टेंबरात, जेव्हा रोप दोन पानांचे असते आणि आसपासच्या सगळ्या किडी भुकेलेल्या असतात.

नदीचे पाणी, नदीचीच माती

यूमाची शेती पूर्णतः कोलोराडो नदीवर उभी आहे. हजारो वर्षांच्या पुरांनी आणून टाकलेल्या गाळाची खोल, सपाट जमीन येथे आहे. नदीवरील लगुना धरण १९०९ साली पूर्ण झाले. त्यानंतर १९१२ मध्ये नदीच्या पात्राखालून बोगदा काढून पाणी यूमाच्या बाजूस नेण्यात आले. उलट्या वक्रनलिकेच्या तत्त्वावर चालणारा हा बोगदा त्या काळी अभियांत्रिकीचे नवल समजला जात असे. इम्पिरियल खोऱ्याची कथा अधिक नाट्यमय आहे. समुद्रसपाटीपेक्षाही खाली असलेल्या या खोऱ्यात कालवा काढताना १९०५ साली नदीच फुटून आत शिरली आणि ‘सॉल्टन सी’ नावाचे खारे सरोवर तयार झाले. पुढे १९४० च्या दशकात ‘ऑल अमेरिकन’ कालव्याने तेथे सुरक्षितपणे पाणी आणले.

आज शेते लेसर किरणांच्या साह्याने समतल केलेली असतात. त्यामुळे सरीत सोडलेले पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे पोहोचते. उन्हाळ्यात जमीन पाण्याखाली बुडवून क्षार धुऊन काढले जातात. हे न केल्यास नदीच्या खारट पाण्याने काही वर्षांत जमीन नापीक होईल. पाण्याचा प्रश्न अर्थातच सुटलेला नाही. कोलोराडो नदीवर पाणीटंचाईची अधिकृत घोषणा इतिहासात प्रथमच ऑगस्ट २०२१ मध्ये झाली. यूमाच्या शेतकऱ्यांचे पाणीहक्क जुने असल्याने त्यांना तातडीने झळ बसली नाही, एवढेच.

लेट्युसचा व्यवसाय या भागात स्थलांतरित पक्ष्यांप्रमाणे चालतो. एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांत पीक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या थंड सलिनास खोऱ्यात घेतले जाते. नोव्हेंबरात ते जवळजवळ नऊशे किलोमीटर दूर वाळवंटात उतरते. शीतगृहांतील यंत्रसामग्री, पॅकिंगची यंत्रे, मुकादम, कामगारांच्या टोळ्या हे सारे मालमोटारींत भरून निघते आणि वसंतात परत जाते. शिवाय दररोज पहाटे मेक्सिकोतील सॅन लुईस आणि मेक्सिकाली येथून हजारो मजूर सीमा ओलांडून शेतावर येतात आणि संध्याकाळी घरी परततात.

उष्णतेत झोपणारे बी

नोव्हेंबरच्या मध्यास पहिली काढणी करायची असेल तर पेरणी ऑगस्टच्या अखेरीस वा सप्टेंबरच्या आरंभी करावी लागते. त्या वेळी यूमात दुपारी ४० अंशांच्या वर ऊन असते. आणि लेट्युस हे तर थंडीचे पीक. त्याच्या बियांची एक गंमत आहे. जमिनीचे तापमान साधारण ३० अंशांच्या पुढे गेले की बी ओले होऊनही उगवत नाही, ते झोपी जाते. निसर्गाच्या दृष्टीने हे शहाणपणच म्हणावे लागेल, कारण भर उन्हात उगवलेले रोप जगण्याची शक्यता नसते. शेतकऱ्याला मात्र बियाणे जागे करणे भाग असते. त्यासाठी शेतभर अॅल्युमिनियमच्या नळ्या अंथरून तुषार सिंचन लावले जाते. पहिले पाणी संध्याकाळी सुरू केले जाते, म्हणजे बी पाणी शोषून घेईल ती वेळ रात्रीच्या गारव्यातली असते. नंतरचे काही दिवस जमीन थंड ठेवण्यासाठी तुषार जवळजवळ अखंड चालू राहतात. रोपे वर आली की नळ्या उचलून दुसऱ्या शेतात नेतात आणि पुढचे पाणी सरीतून दिले जाते.

वेळापत्रकाचे गणितही ध्यानात घ्यावे लागेल. सप्टेंबरच्या आरंभी पेरलेले लेट्युस साधारण ६५ ते ७० दिवसांत तयार होते. डिसेंबरच्या आरंभी पेरलेल्या पिकाला शंभराहून अधिक दिवस लागतात. गिऱ्हाइकांशी झालेल्या करारांनुसार प्रत्येक आठवड्यात ठरावीक माल हवा असतो, म्हणून पेरणी टप्प्याटप्प्याने केली जाते. १० सप्टेंबरला पेरलेले शेत अळ्यांनी खाल्ले, तर नुकसान केवळ त्या शेताचे होत नाही. नोव्हेंबर महिन्यातील एक विशिष्ट आठवडा रिकामा पडतो, आणि तो नंतर कितीही पेरले तरी भरून निघत नाही. पेरणी आणि काढणी यांच्या मध्ये आणखी काही करण्यास वावच उरत नाही, ही या व्यवसायाची खरी मेख आहे.

उन्हाळ्याचे पीक गेले, किडी उरल्या

सप्टेंबरात किडी एवढ्या का असतात, याचे उत्तर आसपासच्या शेतांत आहे. उन्हाळाभर येथे कपाशी, खरबूज, लसूणघास आणि चाऱ्याचे सुदान गवत उभे असते. या पिकांवर किडींच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढतात. उष्ण हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. त्यात जुलै ते सप्टेंबरदरम्यान अॅरिझोनातही एक पावसाळी हंगाम असतो. तेथील लोकही त्याला ‘मान्सून’ असेच म्हणतात. दमट हवेच्या या दिवसांत पतंगांची ये-जा वाढलेली असते. नेमक्या याच काळात कपाशीची बोंडे फुटतात, खरबुजाचे वेल वाळतात, गवत कापले जाते. भुकेल्या किडींना सभोवार फक्त एकच ताजी हिरवी गोष्ट दिसते. ती म्हणजे नुकतीच उगवलेली भाजी.

येणाऱ्यांची यादी मोठी आहे आणि प्रत्येकाची रीत वेगळी आहे. पहिले येतात रातकिडे आणि पिसू भुंगेरे. रातकिडे दिवसा सिंचनाच्या नळ्यांखाली आणि ढेकळांच्या भेगांत दडून बसतात आणि रात्री कोवळी रोपे कुरतडतात. सकाळी पाहावे तर ओळच्या ओळ नाहीशी. उगवणच झाली नाही असा समज करून घेणाऱ्या नवख्या शेतकऱ्यास नळी उचलून पाहण्याचा सल्ला दिला जातो. पिसू भुंगेरे शेजारच्या लसूणघासातून वा सुदान गवतातून येतात. त्यांचा हल्ला शेताच्या कडेपासून सुरू होऊन आत सरकतो. बीजदलांवर बारीक छिद्रे दिसली की ओळखावे.

खरी धास्ती असते ती अळ्यांची. तीन जाती महत्त्वाच्या. एक ‘बीट आर्मीवर्म’. आपल्याकडे सोयाबीन व तंबाखूवर पाने खाणारी जी स्पोडोप्टेरा अळी आहे, तिची ही सख्खी बहीण. तिची मादी पुंजक्याने अंडी घालते आणि त्यावर पांढरट लव पसरते. एका पुंजक्यातून अनेक अळ्या निघतात, पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करतात आणि मग पांगतात. रोप लहान असेल तर शेंडाच खाऊन टाकतात, की पुढे गड्डा धरण्याची आशा संपली. दुसरी कोबीवरची उंटअळी. पाठीचा कणा कमानीसारखा वर उचलत चालण्याच्या तिच्या पद्धतीवरून मराठीतले हे नाव पडले आहे. ती पानाखाली एकेक अंडे घालते. तिसरी ‘कॉर्न इअरवर्म’. हरभऱ्यावरील घाटेअळी महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नव्याने सांगायला नको, तिच्याच कुळातली ही अमेरिकी जात. कणसात, कपाशीच्या बोंडात वा लेट्युसच्या गड्ड्यात शिरून बसणे हा तिचा स्वभाव. एकदा ती गड्ड्यात शिरली की कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरून गड्डा निर्दोष दिसतो. आत काय आहे ते कळते न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरात.

सॅलड कच्चे खाल्ले जाते, शिजवले जात नाही. त्यामुळे मोठे खरेदीदार एकाही अळीला माफी देत नाहीत. पिशवीत एक अळी सापडली तरी संपूर्ण मालाविषयी प्रश्न उभा राहतो. भारतात गृहिणी फ्लॉवर चिरताना अळी निघाली तर ती बाजूला काढून फ्लॉवर मिठाच्या पाण्यात घालते. हा सोशिकपणा पिशवीबंद बाजारपेठेत नाही, आणि फवारणीचा भार वाढण्याचे ते एक मोठे कारण आहे, हे नमूद करायला हवे.

सापळे काय सांगतात, काय सांगत नाहीत

या परिस्थितीत ठरल्या दिवशी डोळे मिटून फवारणी करणे सोपे. पण ते महाग पडते आणि शेवटी निरुपयोगी ठरते, कारण किडींत औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होते. म्हणून किडी कधी आणि किती येत आहेत हे आधी मोजण्याची पद्धत आली. अॅरिझोना विद्यापीठाचे यूमा येथे कृषी संशोधन केंद्र आहे. या केंद्रातील कीटकशास्त्रज्ञ जॉन पालुम्बो यांनी १९९० च्या दशकापासून भाजीपाल्यावरील किडींचा अभ्यास केला. विद्यापीठाच्या पुढाकाराने यूमा खोरे, गिला खोरे, डोम खोरे, वेल्टन, रोल, टॅक्ना अशा भागांत सापळ्यांचे जाळे उभारण्यात आले. या सापळ्यांतील कीटक ठरावीक दिवसांनी मोजून आकडे सर्वांना कळवले जातात.

सापळे दोन प्रकारचे. पतंगांसाठी कामगंध सापळे. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते, तो प्रयोगशाळेत तयार करून रबराच्या छोट्या ल्यूरमध्ये भरतात. प्रत्येक जातीचा गंध निराळा, त्यामुळे घाटेअळीच्या कुळातला नर उंटअळीच्या सापळ्याकडे फिरकत नाही. पांढरी माशी, फुलकिडे, मावा आणि नागअळीच्या माश्यांसाठी पिवळे चिकट कागद. कोवळ्या पानाच्या रंगाकडे धाव घेणाऱ्या या किडी त्या कागदावर उतरतात आणि तेथेच अडकतात.

सापळ्यातला आकडा वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. कामगंध सापळ्यात फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी त्यात कधीच दिसत नाही. शिवाय शेतात माद्या पुष्कळ असतील तर खऱ्या गंधापुढे नकली गंध फिका पडतो आणि सापळ्यात कमी नर येतात. पौर्णिमेचा प्रकाश, वारा, रात्रीचे तापमान, जुना झालेला ल्यूर यांनीही आकडा बदलतो. म्हणून सापळा ‘फवारा’ असे सांगत नाही. ‘शेतात जाऊन पाहा’, एवढेच सांगतो. एका परिसरातील सापळ्यांमध्ये आकडा अचानक चढला, तर पुढच्या काही दिवसांत त्या भागातील शेतांत अंडी दिसणार, हे समजून घ्यायचे.

पाहण्याचे काम करतात परवानाधारक कीड-सल्लागार. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. रोपावस्थेत एकेका शेताला आठवड्यातून दोन-तीनदा भेट द्यावी लागते. भिंग घेऊन शेताच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी जाऊन रोपे उपटायची, पानाची खालची बाजू पाहायची, अंडी किती, लहान अळ्या किती, मोठ्या किती, हे मोजायचे. फुलकिडे दिसत नसतील तर रोप ताटात झटकायचे. शेताच्या कडेला आणि आत वेगळी मोजणी करायची, कारण भुंगेरे कडेने येतात तर पतंग कोठेही उतरतात. अंड्याचा रंगही वाचता यावा लागतो. कॉर्न इअरवर्मचे ताजे अंडे पांढरे असते, दुसऱ्या दिवशी त्यावर तपकिरी कडे उमटते. ते कडे दिसले की अळी बाहेर पडण्यास फार तास उरलेले नसतात.

पिकाच्या वयानुसार सहनशक्तीचा हिशेब बदलतो. दोन पानांच्या रोपाला एक लहान अळीही पुरेशी ठरते. विरळणी झाल्यानंतर आणि गड्डा धरण्यापूर्वीच्या मधल्या काळात पिकाला काही पाने गमावणे परवडते, तेव्हा थोड्या अळ्या सोडून देता येतात. गड्डा वळू लागला की पुन्हा मोजपट्टी कडक. मधल्या काळात न मारलेली फवारणी ही सल्लागाराची खरी कमाई मानावी लागेल, कारण त्या काळात शेतात आलेले परोपजीवी गांधीलमाशीसारखे बारीक कीटक नागअळीला आपोआप आवर घालत असतात. विनाकारण मारलेल्या जहाल औषधाने ते आधी मरतात आणि नागअळी फोफावते.

पांढऱ्या माशीचे वर्ष

या काटेकोरपणाच्या मागे काही कडू आठवणी आहेत. १९८१ मध्ये यूमा आणि इम्पिरियल खोऱ्यातील लेट्युस पिवळे पडू लागले. पांढऱ्या माशीने पसरवलेला तो विषाणू होता. पुढे दहा वर्षे तो त्रास देत राहिला. मग १९९१ साली विलक्षण गोष्ट घडली. पांढऱ्या माशीचा ‘बी’ नावाचा नवा, अधिक चिवट प्रकार या वाळवंटात पोहोचला होता. त्या शरदात माश्यांचे अक्षरशः ढग उठले. मोटारींच्या काचा त्यांनी माखल्या, खरबुजाची पिके उभीच्या उभी जळून गेली, ब्रोकोलीचे देठ पांढरे पडले. नुकसान कोट्यवधी डॉलरचे झाले. मात्र या नव्या माशीला लेट्युसचा तो जुना विषाणू नीट वाहून नेता येत नव्हता. तिने जुन्या प्रकाराला हुसकावले आणि त्याबरोबर तो विषाणूही जवळजवळ नाहीसा झाला. एका संकटाने दुसरे संकट खाल्ले. शेतकऱ्यांना अर्थात याचा आनंद मानण्याची स्थिती नव्हती.

१९९३ पासून पेरणीच्या वेळी जमिनीत देण्याजोगे इमिडाक्लोप्रिड उपलब्ध झाले आणि पांढरी माशी आटोक्यात आली. परंतु २००६ च्या शरदात खरबूजवर्गीय पिकांवर पांढऱ्या माशीनेच पसरणारा आणखी एक पिवळेपणाचा विषाणू याच भागात आढळला. शरदातील खरबुजाचे क्षेत्र त्यानंतर घटले. माशी संख्येने कमी असूनही विषाणू पसरवण्यास पुरेशी असते. भेंडीवरील ‘हळद्या’ अनुभवलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

अलीकडचे संकट फुलकिड्यांचे आहे. सलिनास खोऱ्यात लेट्युसवर फुलकिड्यांनी पसरणाऱ्या एका विषाणूने, जोडीला मूळ कुजवणाऱ्या बुरशीने, २०२२ साली सुमारे १५ कोटी डॉलरचे नुकसान केल्याचा अंदाज होता. तोच विषाणू २०२१ मध्ये यूमात आढळला. टोमॅटो आणि भुईमुगावर शेंडेमर घडवणारा भारतातील विषाणू याच्याच गोत्रातला. या रोगाचे कोडे असे, की फुलकिडा विषाणू शोषून घेतो तो पिल्लू असताना, आणि पसरवतो पंख फुटल्यावर. त्यामुळे उडत आलेला किडा मारला तरी तोवर त्याने आपले काम केलेले असू शकते. तणे काढणे, कापणी झालेले शेत ताबडतोब नांगरून टाकणे, रोपवाटिकेतून निरोगी रोपे आणणे, हे जुनेच उपाय पुन्हा आघाडीवर आले आहेत.

रोपांबरोबर किडी येतात याचा धडा यूमाला त्याआधी एकदा मिळाला होता. २०१६ च्या शरदात ब्रोकोली, फ्लॉवर आणि कोबीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्या एकाएकी वाढल्या. वाळवंटात ही कीड तोवर किरकोळ समजली जात असे. बाहेरच्या राज्यातून आणलेल्या रोपांशी तिचा संबंध जोडला गेला. नेहमीची खात्रीची औषधे त्या अळ्यांवर चालेनात. कोबी पिकवणाऱ्या भारतातील शेतकऱ्यांची या पतंगाशी जुनी ओळख आहे. कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावून त्याला तिकडे वळवण्याची युक्ती बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने सुचवली, ती याच किडीसाठी.

ओळखीचा पाहुणा

कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस परिसरात २००८ साली एक नवाच ढेकण्या सापडला. काळ्या ढालीसारख्या पाठीवर नारिंगी आणि पांढरे ठिपके. वर्षभरात तो इम्पिरियल खोऱ्यात आणि यूमात येऊन धडकला. अमेरिकी शेतकऱ्यांना तो अपरिचित होता. राजस्थानातील मोहरी उत्पादक मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. भारत आणि आफ्रिका हीच त्याची मूळ भूमी. मोहरीचे रोप उगवताच ऑक्टोबरच्या उन्हात तो त्याचा रस शोषतो, आणि यूमातही त्याने अगदी तेच केले. फरक एवढाच, की तेथे मोहरीऐवजी ब्रोकोली होती.

या किड्याने सल्लागारांची सवय मोडली. इतर किडी पाहण्यासाठी गारव्याची सकाळ उत्तम. हा मात्र ऊन चढल्यावरच बाहेर येतो. पहाटे पाहणी करून ‘शेत स्वच्छ’ असा शेरा मारावा आणि दुपारी रोपांवर त्यांची गर्दी असावी, असे प्रकार सुरुवातीला घडले. ढेकण्या वर्गातले इतर कीटक पानांवर अंडी घालतात, हा मातीत घालतो. त्याने रोपाचा शेंडा टोचला की एकतर गड्डाच धरत नाही किंवा बाजूने तीन-चार खुजे गड्डे फुटतात. बाजारात त्यांना किंमत नसते. टोचल्याची खूण पानावर तारकेसारखी उमटते, पण ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून शरदातल्या पहिल्या वीस दिवसांत दुपारच्या फेरीची भर पडली.

विदर्भाला ओळखीचे वाटेल असे काही

सापळे लावून, मोजून, सर्वांना कळवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. विदर्भात २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी थैमान घातले. त्यानंतर राज्याच्या कृषी विभागाने २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू केला. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत तर दोन देशांतील चित्र शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात २०१७ च्या हंगामात या अळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. दुसऱ्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेने ही अळी आपल्या कपाशीतून हद्दपार झाल्याचे जाहीर केले. अॅरिझोना हे त्या मोहिमेचे प्रमुख रणक्षेत्र होते. बीटी कपाशी, वांझ केलेले पतंग विमानातून सोडणे, कामगंध सापळे आणि पीक काढल्यावर पऱ्हाट्या वेळेत नष्ट करणे, या सर्वांचा त्यात वाटा होता.

तुलना मात्र जपून करायला हवी. यूमात एकेका कंपनीच्या हातात हजारो एकर असतात. पेरणी केव्हा, कापणी केव्हा, उरलेले पीक केव्हा नांगरायचे, हे ठरवणारी माणसे मोजकी असतात. दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी भरलेल्या गावात तोच निर्णय शंभर घरांत घ्यावा लागतो. भाजीपाल्याच्या कंपन्या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असूनही आपल्या शेतांच्या कडेला विद्यापीठाचे सापळे उभे राहू देतात, त्यातील आकडे शेजाऱ्यालाही कळतात, ही गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे. पतंगाला शेताची हद्द कळत नाही, हे त्यांना बहुधा पांढऱ्या माशीच्या त्या शरदाने शिकवले असावे.

नोव्हेंबर उजाडतो तसा रात्रीचा पारा उतरतो. कामगंध सापळ्यांतील आकडे खाली येऊ लागतात, भुंगेरे नाहीसे होतात, पांढरी माशी मंदावते. पहिल्या आईसबर्गची कापणी पहाटेच्या दिव्यांच्या उजेडात सुरू होते आणि मालमोटारी पूर्वेकडे निघतात. पिवळ्या कागदांवर याच सुमारास थंडीचा मावा दिसू लागतो. सल्लागार भिंग पुसून पुन्हा शेतात जातात. आता पाने अधिक असतात आणि मावा लपतो तो नेमका गड्ड्याच्या सर्वांत आतल्या पानाखाली.